सहा जणांत एक

“डोळ्याच्या या आजारासाठी बंडोपंत शेटे यांचं नाव बिनविरोध सुचवण्यात येत आहे,” असं राजोबा सर खणखणीत आवाजात म्हणाले, तेव्हा मी आत चहा गाळत होते. हसू आवरेना. गाळणं बाजूला ठेवलं आणि पदर तोंडात कोंबला.

“माझं नाव का म्हणून?” बंडोपंत कडाडले. “मी अर्जच भरलेला नाही!”

“अर्जाचा प्रश्न नाही, बंडोपंत. पात्रतेचा आहे.”

बाहेरच्या खोलीत आमच्या ह्यांचं मंडळ बसलं होतं. गोडवा प्रभात मंडळ, कराड. सभासद सहा आणि सहाच्या सहा शुगरवाले. रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर चालायला जायचे. म्हणजे वीस मिनिटं चालायचे आणि पुढं तासभर बाकावर बसून देश चालवायचे. राजोबा सर अध्यक्ष. रिटायर हेडमास्तर, त्यामुळं अजूनही समोरचा माणूस सातवीत आहे असं धरून बोलायचे. बंडोपंत उपाध्यक्ष. त्यांचं तेलाचं दुकान होतं. चिटणीस आमचे हे. एसटीत बत्तीस वर्षं काढली, शेवटी कंट्रोलर म्हणून उतरले. सारं गाव त्यांना कंट्रोलरच म्हणायचं. आवाज असा, की घरात मीठ मागितलं तरी फलाटावर गाडी लागल्यासारखं वाटावं. उरलेले दोन यादव आणि एक पोतदार. ते हात वर करण्यापुरते होते.

सगळ्याला कारण झाल्या डॉक्टर मुजावरबाई. गावात नव्यानंच आल्या होत्या, डोळ्यांच्या डॉक्टर, वय असेल बत्तीस-तेहतीस. रविवारी घाटावर त्यांनी भाषण दिलं. म्हणाल्या, “शुगर असलेल्या साधारण सहा जणांमागं एकाच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली सापडते. पडदा म्हणजे डोळ्याच्या आत अगदी मागं असतो तो, त्याच्यावर चित्र उमटतं. शुगरनं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. आणि दिसायचं कमी होतं तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून चांगलं दिसत असतानाच तपासायचं, दरवर्षी.”

चांगलं बोलली पोरगी. पण आमच्या मंडळानं त्यातलं ऐकलं काय, तर सहा जणांत एक. मंडळात किती? सहा. झालं! म्हणजे तो एक आपल्यातच आहे. आणि तो एकदा ठरला, की बाकीचे पाच सुटले.

असलं गणित आमच्या भागातच होऊ शकतं. सोसायटी घ्या, पतसंस्था घ्या. जागा एक आणि माणसं सहा असली, की कुणाच्या तरी माडीवर बैठक बसायची, एकाच्या गळ्यात माळ घालायची आणि बाकीच्यांनी अर्ज मागं घ्यायचे. आयुष्यभर हेच बघितलेली माणसं ती. आजार तरी रीत सोडून कसा येईल?

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. बिनसाखरेचा चहा, सहा कप.

“बाईंनी स्पष्ट सांगितलंय,” सर बोट नाचवत होते. “ज्याची शुगर जुनी, त्याला धोका जास्त. ज्याची कायम वर राहते, त्याला जास्त. ब्लडप्रेशर असेल, किडनीची तक्रार असेल, तंबाखू असेल, तर आणखी जास्त. आता एकेकानं खरं सांगायचं. बंडोपंत, तुमची किती वर्षांची?”

“नऊ.”

“माझी सात,” एक यादव म्हणाले. दुसऱ्या यादवांनी घाईघाईनं सहा सांगितली. पोतदारांनी आपली चार आहे असं शपथेवर सांगितलं.

“आणि चिटणीस?”

“अकरा,” हे म्हणाले.

मी कप देता देता थांबले. चौदा पूर्ण होऊन पंधरावं चालू होतं. तीन वर्षं गिळली की माणसानं! तसं म्हणा, डेपोत दीड तास लेट आलेली गाडी वहीत वेळेवर लावण्यात सगळी उमेदीची वर्षं गेलेली. सवय जाते होय? माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. मी पुढचा कप दिला.

“अकरा म्हणजे बंडोपंतांपेक्षा जास्त झाली की,” सर म्हणाले.

“जास्त असू द्या. माझी कंट्रोलमध्ये आहे,” हे गरजले. “परवा माळ्यांच्या लग्नात जिलेब्या कुणी खाल्ल्या? मी?”

“चार खाल्ल्या बंडोपंतांनी,” पोतदार पटकन म्हणाले. “मी मोजल्या.”

“तीन!” बंडोपंत उठून उभे राहिले. “चौथी माझ्या पानात होती, पोटात नव्हती. वहिनी, तुम्हीच न्याय करा. ह्याला काय न्याय म्हणतात?”

“मला बाई काय कळतंय त्यातलं,” मी म्हणाले आणि रिकामा ट्रे घेऊन आत आले.

वरून हसले, पण खरं सांगते, आत येऊन पुन्हा बोटांवर वर्षं मोजली. चौदा वर्षं. ह्यांचे डोळे गेले तर? हा माणूस सकाळी पेपर तीनदा वाचणारा. रस्त्यानं जाणाऱ्या एसटीचा नंबर वाचून ‘ही पाटणची, आज वीस मिनिटं लेट’ असं सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. डोळे गेले तर घरात बसून माझंच टाइमटेबल लावेल! चेष्टा सोडा, मी घाबरले होते. त्याच दिवशी देवापुढं हात जोडून म्हणाले, काय करायचं ते कर, पण ह्यांचे डोळे सांभाळ. देवानं किती तंतोतंत ऐकावं, त्यालाही काही सुमार असतो.

बैठकीत शेवटी बंडोपंतांनी अट घातली. “मला उभं करताय ना? मग सगळे तपासून घ्या. डॉक्टरीणबाई सांगतील तो उमेदवार.” राजोबा सरांना नाही म्हणता येईना. शनिवार ठरला.

त्या दिवसांत माझ्यामागं वेगळाच ताप होता. घरात जाळी फार व्हायची. भिंतीकडं बघावं तर काळी तार लोंबतेय, वर बघावं तर तिथंही. मी कुंचा घेऊन कोपरे झाडायची आणि पाठ फिरवली की पुन्हा जाळी. “तुला जाळ्यांचं वेड लागलंय,” हे म्हणायचे. त्यातच सुतारानं नवी फळी मारली ती वाकडी. मधेच पोट आल्यासारखी. मी त्याला बोलावून फैलावर घेतलं. बिचाऱ्यानं पाणसळ लावून दाखवली, दोरी धरून दाखवली. “काकू, रेषेत आहे बघा.” मी म्हणाले, “मला शिकवतोस? चाळीस वर्षं संसार केलाय मी.” तीनदा काढून मारायला लावली. तीनदा वाकडीच. शेवटी तो हात जोडून गेला तो परत आला नाही.

शनिवारी सकाळी दहाला मंडळ दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी निरोप दिला होता, की बाहुली मोठी करायचे थेंब घालणार, नंतर चार-पाच तास धड दिसणार नाही, उजेड सोसणार नाही, तर प्रत्येकानं बरोबर कुणीतरी आणावं. मंडळानं एकमतानं ठरवलं, सहा घरच्या सहा बायका कशाला? शालनवहिनी आहेत की! शालन म्हणजे मी. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट जरा बरंच वाटलं. सहा पुरुषांची जबाबदारी आपल्यावर टाकली म्हणून.

सहाही जण एका बाकावर माना वर करून, डोळे मिटून बसले. तोंडं मात्र कुणाचीच मिटली नव्हती.

“बंडोपंत, भाषणाची तयारी ठेवा.”

“तुमचाच नंबर लागणार बघा, सर. मास्तर लोकांचे डोळे वह्या तपासून गेलेले असतात.”

एकेक जण आत जात होता आणि भिंत चाचपडत बाहेर येत होता. हे आत गेले तेव्हा मी पर्सचा बंद घट्ट धरून बसले. बाहेर आले ते एवढं मोठं तोंड करून. “निल!” ह्यांनी गर्जना केली. “पडदा एकदम स्वच्छ. बाईंनी स्वतः सांगितलं.”

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं.

बंडोपंत शेवटी गेले. पाच जण कान देऊन बसले होते. आणि बंडोपंतही स्वच्छ निघाले. आता खरं तर आनंद व्हायला हवा होता की नाही? पण बाकावर थोडी निराशाच पसरली. उमेदवार पडला ना!

“मग बाई,” राजोबा सर डॉक्टरांना म्हणाले, डोळे मिटलेलेच, हनुवटी वर, “तो तुमचा एक कुठाय? सहा जणांत एक म्हणाला होतात. चुकलं ना गणित?”

बाई हसल्या. “सर, तांदळाच्या पोत्यात खडे असतात. एका ओंजळीत एकही येत नाही, दुसरीत तीन येतात. तुमची ओंजळ स्वच्छ निघाली, छान झालं. पण ती आजची. पुढल्या वर्षी परत यायचं.”

“ते बघू,” सर म्हणाले. मंडळानं तिथंच बाकावर ठराव केला, की एवढ्या मोठ्या यशाबद्दल सहाही सभासदांचा जाहीर सत्कार व्हावा. गुरुवारी, अकरा वाजता. शाल, नारळ, फ्लेक्स. फ्लेक्सवर ‘निरोगी नजर, निरोगी कराड’ आणि खाली सहा चेहरे. सत्कार करणारं मंडळ तेच, सत्कार घेणारेही तेच. आणि पंचवीस माणसांचं बिनसाखरेचं जेवण माझ्याकडं.

दुपारचा एक वाजून गेला होता. सहाही जणांची जेवणाची आणि गोळीची वेळ टळत चालली होती. मी डब्यातून चपाती-भाजी नेली होती, ती हातात दिली. मग प्रत्येकाच्या सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली, गोळी फोडून हातावर ठेवली आणि तांब्या फिरवला. सहा झाल्या. मग पर्समधली माझी काढली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली.

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. “काकू,” त्या म्हणाल्या, “पेशंट सहा आणि गोळ्या सात?”

“सातवी माझी.”

“कसली?”

“हीच की. शुगरची.”

“किती वर्षं झाली?”

“सोळा झाली पूर्ण. ह्यांच्या आधी दोन वर्षं.”

“सोळातनं दोन गेले चौदा!” बाकावरून मिटल्या डोळ्यांनी बंडोपंत ओरडले. “कंट्रोलर, अकरा सांगितली होतीत तुम्ही! तीन वर्षं खाल्ली! माझ्या जिलेब्या काढता होय?”

एकच गलका उडाला. त्या गलक्यात बाई माझ्याजवळ आल्या. “पडदा कधी तपासलाय, काकू?”

“माझा? नाही बाई. चष्म्याच्या दुकानात नंबर काढते की दोन-चार वर्षांनी.”

“ब्लडप्रेशर?”

“आहे. गोळी घेते. राहिली तर राहते कधी.”

“शुगर कधी बघितली शेवटची?”

मला आठवेना. ह्यांची मी दर महिन्याला बघायला लावायची. तारखेसकट पाठ होती. ह्यांच्या भाकरीत मेथी, ह्यांना कारल्याचा रस, ह्यांच्या मोज्यात बोट घालून पायाला जखम आहे का बघायची. माझी म्हणजे आपली बायकांची शुगर. सणासुदीला उरलेलं गोड टाकवत नाही म्हणून खाल्लं, जेवायला तीन वाजले तर वाजले. ह्यांनी विचारलं नाही, हे खरंच. पण मी तरी कुणाला सांगितलं होतं? सगळा दोष दुसऱ्याच्या पदरात टाकायची माझी सवय नाही. निदान अर्धा तरी माझा.

“थेंब घाला काकूंना,” बाई आतल्या मुलीला म्हणाल्या.

बाईंनी त्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून माझ्या डोळ्यात किती वेळ बघितलं कोण जाणे. उजव्यात जास्त. मग खुर्ची मागं घेतली आणि माझा हात हातात घेतला. तेव्हाच कळलं.

“काकू, डोळ्यांपुढं काळं काही तरंगतं का? जाळ्यासारखं?”

“जाळी घरात झालीत,” मी म्हणाले आणि म्हणतानाच थांबले.

“सरळ रेघा वाकड्या दिसतात?”

मला त्या सुताराचं तोंड आठवलं. खुर्चीतून उठून पळून जावं असं वाटलं.

बाईंनी काही लपवलं नाही. उजव्या डोळ्यात रक्त झिरपलेलं होतं आणि पडद्याच्या नेमक्या मध्यावर सूज होती. डाव्यात सुरुवात होती, पण डावा वाचवता येण्यासारखा होता. आमच्या गावात तेव्हा सोय नव्हती. कोल्हापूरला लेझर करायचं, इंजेक्शन घ्यायचं. त्यांनी तिथंच फोन लावला, माझ्यासाठी भांडल्या आणि वेळ घेतली. गुरुवार, सकाळी दहा. “चुकवू नका, काकू. उजव्याचं मी काही कबूल करत नाही. पण डाव्यासाठी एकेक दिवस मोलाचा आहे.”

मी भिंत धरून बाहेर आले. उजेडानं डोळे फुटत होते. बाकावर सहा जण काळे चष्मे लावून जिलेबीवरून भांडत होते.

“अहो,” मी म्हणाले, “माझ्या डोळ्यात निघालं.”

“काय निघालं?”

“तेच. तुमचं सहा जणांतलं एक.”

बाक गप्प झाला. पहिल्यांदाच. ह्यांनी माझ्या आवाजाकडं तोंड केलं. मग म्हणाले, “तुझ्या पण डोळ्यांत थेंब घातलेत?”

“हो.”

“मग आता आम्हाला घरी कोण नेणार?”

असं नाही, की ह्या माणसाला माया नाही. माझ्या बाळंतपणात डेपोतून सुट्टी मिळेना तर साहेबाच्या टेबलावर टोपी आपटून आलेला माणूस. पण त्या क्षणी जे पहिलं तोंडात आलं ते हे, आणि ते मी जन्मात विसरणार नाही. शेवटी दवाखान्यातल्या मुलीनं दोन रिक्षा बोलावल्या आणि सातही आंधळ्यांना मोजून आत बसवलं.

घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत हे काळा चष्मा लावून पडून होते. मग म्हणाले, “गुरुवारी सत्कार आहे.”

“माहीत आहे.”

“शुक्रवारची वेळ मागून घ्यायची का? सोळा वर्षं थांबलाय तो आजार, एक दिवस थांबंना होय? पंचवीस माणसं सांगितलीत. फ्लेक्स छापायला गेलाय. स्वयंपाक ऐन वेळी कोण करणार?”

चाळीस वर्षांत मी ह्या घरात आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. “फ्लेक्सवर चेहरे कुणाचे आहेत?” मी विचारलं.

“आमचे सहांचे.”

“मग स्वयंपाकही तुम्ही सहांनी करा.”

“अगं, पण...”

“मी गुरुवारी सहाच्या गाडीनं कोल्हापूरला जाणार. तुम्ही आलात तर बरोबर, नाही आलात तर एकटी.”

ह्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. चार दिवस वाट बघितली. गुरुवारी मी साडेपाचला उठले, ह्यांची गोळी वाटीत काढून ठेवली आणि डॉक्टरबाईंची चिठ्ठी पर्समध्ये घालून निघाले. हे कुशीवर वळून झोपले होते, का झोपेचं सोंग होतं, देव जाणे.

पोराला पुण्याला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर धावत आला असता. पण मला बघायचं होतं. काय बघायचं होतं ते तुम्हाला कळलं असेल.

गाडीत खिडकीशी बसले आणि एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बाहेर बघत राहिले. उसाचे फड, पेट्रोल पंप, माणसं. डाव्यानं सगळं होतं. उजव्यानं मधेच डाग. तेव्हा रडले. भीतीनं रडले, आणि रागानंही. कंडक्टर ह्यांच्या हाताखालचा निघाला. “काकू, कंट्रोलरसाहेब कुठायत?” म्हणाला. “त्यांचा सत्कार आहे,” मी सांगितलं. “वा! कशाबद्दल?” “त्यांना चांगलं दिसतंय म्हणून.” त्याला काही कळेना. त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं गेला.

दवाखान्यात फोटो झाले, रक्त तपासलं. मग सांगितलं, घरचं माणूस आल्याशिवाय इंजेक्शन देता येणार नाही, सही लागते. मी बाकावर बसून राहिले. अकरा वाजले. आता शाली घालत असतील. बारा वाजले. एक वाजला. नर्सबाई येऊन दोनदा विचारून गेल्या. दोनला डॉक्टर निघणार होते. मी एका अनोळखी बाईला विचारलं, “बाई, माझी बहीण म्हणून सही करता का?” ती उठलीही.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “सौभाग्यवती शालन मोहिते कुठं आहेत?” सगळा दवाखाना दचकला. हे उभे होते. अंगावर शाल तशीच, हातात नारळ, कपाळावर गंध. समारंभ संपल्या संपल्या बंडोपंतांच्या गाडीनं आले होते. जेवायचे थांबले नव्हते, एवढं श्रेय देते. खानावळीतून मागवलं होतं म्हणे.

“तुम्ही घरचे ना?” नर्सबाईंनी फॉर्म पुढं केला. “लवकर सांगा. पेशंटचं वय?”

“पंचावन्न. छप्पन्न... साठच धरा.” होते अठ्ठावन्न.

“शुगर किती वर्षांची?”

“सोळा,” हे आत्मविश्वासानं म्हणाले. ते परवाच ऐकलं होतं.

“गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

ह्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

“सकाळी किती, संध्याकाळी किती?”

गप्प.

“ब्लडप्रेशरची कुठली? कसल्या औषधाची ॲलर्जी? आधी काही ऑपरेशन?”

ह्यांनी शालीच्या टोकानं कपाळ पुसलं. बत्तीस वर्षं ज्या माणसानं सगळ्या मुक्कामी गाड्या, त्यांच्या वेळा, ड्रायव्हर, कंडक्टर तोंडपाठ ठेवले, तो माझ्याकडं बघत होता. पोराला सातवीत गणित अडावं तसं तोंड झालं होतं.

नर्सबाईंनी पेन थांबवलं. “काका,” त्या सरळपणानं म्हणाल्या, “तुम्ही नातेवाईकच ना? का शेजारचे?”

टोमणा नव्हता तो. पोरीला खरंच कळत नव्हतं.

“नवरा आहे मी,” हे म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ह्यांना बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग मी बसल्या जागेवरून सगळं सांगितलं आणि ह्यांनी सही केली. डाव्याला लेझर झालं, उजव्याला इंजेक्शन. पुढं महिन्याला एक अशा सहा खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला हे बरोबर होते. परतल्यावर मी मंडळाच्या घरच्या पाचही जणींना मुजावरबाईंकडं नेलं. तिघींना शुगर निघाली, त्यातल्या दोघींना माहीतही नव्हती. बंडोपंतांच्या शेटेवहिनींच्या पडद्याला सुरुवात झाली होती. काखेत कळसा आणि हे लोक बाकावर बसून गावभर शोधत होते.

ह्याला आता बारा वर्षं झाली. डावा डोळा चांगला आहे, चष्मा लावून पेपर वाचते. उजव्यातली सूज उतरली, पण मधला भाग गेला तो गेलाच. त्या डोळ्यानं कडेचं सगळं दिसतं, पण जिथं बघावं नेमकं तेवढंच नसतं.

परवा मंडळाचा वर्धापनदिन झाला. आता बायकाही सभासद आहेत, तेवढी सुधारणा आहे. हे बोलायला उभे राहिले. ‘पत्नीच्या आरोग्याकडं लक्ष देणं हे आद्य कर्तव्य आहे, आणि ते मी पहिल्या दिवसापासून कसं पार पाडलं,’ हा विषय. पहिल्या दिवसापासून! माझ्या गोळ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. शेजारी शेटेवहिनींनी मला कोपरानं ढोसलं.

मी हळूच तळहातानं डावा डोळा झाकला आणि उजव्यानं ह्यांच्याकडं सरळ बघितलं. माइक दिसत होता, हात हलताना दिसत होते, मागचा पडदा दिसत होता. तोंड तेवढं नव्हतं. उरलेलं भाषण मी तसंच ऐकलं.